सतारीची शिकवणी आणि कारागिराचा धंदा

मिरजेच्या सतारमेकर गल्लीतील शिकलगार घराणी मूळची हत्यारांना धार लावणारी. संस्थानी फौजांचे दिवस सरले, तलवारीचे काम कमी झाले, तेव्हा 19व्या शतकाच्या मध्यास फरीदसाहेब यांनी तंतुवाद्यांच्या दुरुस्तीत हात घातला व पुढे नवी वाद्ये घडविली. त्या हुनरावर आज कित्येक घरांची चूल पेटते. 2024 साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळाले. बातमी सर्वांनी आनंदाने वाचली. पण हा माल घेतो कोण, याचा विचार आपल्या व्यापारी बंधूंनी फारसा केलेला दिसत नाही.

मैफली करणारे कलावंत मोजके. त्यांनी एक चांगली सतार घेतली की ती वर्षानुवर्षे चालते. धंद्याला रोजचा आधार आहे तो खाजगी शिकवणीला जाणाऱ्या मुलामुलींचा. एखाद्या उस्तादांकडे किंवा गुरुजींकडे समजा वीस विद्यार्थी आहेत. त्यातले प्रत्येकजण आधी सतार घेणार, मग मिजराब, मग तारा, वर्ष-दीड वर्षाने जवारी. मात्र हे सर्व केव्हा? विद्यार्थी टिकला तर! तो तिसऱ्या महिन्यात शिकवणी सोडून बसला, तर सतार भिंतीला लागते आणि वर्षभरात कोणाला तरी अर्ध्या किमतीत विकली जाते. म्हणजे कारागिराचे पुढचे एक नवे गिऱ्हाईकही त्याच सतारीने खाल्ले.

विद्यार्थी शिकवणी का सोडतात? मन लागत नाही, अभ्यास वाढतो, ही कारणे आहेतच. पण आमच्या पाहण्यात वाद्याचा दोषही पुष्कळदा असतो. डाव्या हाताच्या पहिल्या दोन बोटांनी तार पडद्यावर दाबायची, मींड काढताना ती बाजूला ओढायची. सुरुवातीला बोटांवर अक्षरशः चर पडतात. उजव्या तर्जनीला मिजराब रुतते. हे दुखणे प्रत्येकाला सोसावे लागते, बोटे घट्ट झाली की ते जाते. पण तारा पडद्यांपासून फार उंच असतील, दांडी किंचित वाकलेली असेल, तर हे दुखणे जातच नाही. शिकणारा समजतो की आपल्या हातात विद्या नाही.

आमच्या नात्यातील एका मुलाचे असेच झाले. वडिलांनी शहरातल्या एका दुकानातून चांगली नक्षीदार सतार आणली. दुकानदाराने किंमत सांगितली, कोणाकडे शिकणार हे काही विचारले नाही. मुलगा पहिल्या दिवशी शिकवणीला गेला आणि उस्ताद म्हणाले, ही आमच्या बाजाची सतार नाही.

आता हा बाज म्हणजे काय, ते दुकानदार बंधूंनी नीट समजून घ्यावे. आज सतारीच्या दोन मोठ्या वाटा आहेत. पं. रविशंकर यांच्या पद्धतीच्या सतारीला खर्जाच्या जाड तारा असतात, वर बहुधा दुसरा लहान भोपळा असतो आणि जवारी खुली असते. उस्ताद विलायत खाँ यांच्या पद्धतीच्या सतारीत खर्जाच्या तारा नसतात, त्याऐवजी गंधार-पंचमाची जुळणी असते आणि जवारी बंद, म्हणजे आवाज गोल. बाहेरून दोन्ही सताराच दिसतात! पण शिकविणारा ज्या वाटेचा, त्या वाटेचे वाद्य शागिर्दाच्या हाती हवे. म्हणून आधी गुरू ठरवावा, मग सतार घ्यावी. गिऱ्हाईक दुकानात आले की पहिला प्रश्न किमतीचा नको, ‘शिकवणी कोणाकडे?’ हा असावा. मूल लहान असेल तर दुसरा प्रश्न उंचीचा.

त्या मुलाची सतार शेवटी मिरजेला नेली. कारागिराने खर्जाच्या तारा काढल्या, तारांची जुळणी बदलली आणि घोडी कानशीवर घेतली. जवारीचे काम पाहण्यासारखे असते. घोडीचा माथा वरून सपाट दिसतो, पण त्याला केसाएवढा उतार असतो. तार त्या उतारावर घासून निसटते आणि त्यातून सतारीचा तो झणकार निघतो. कारागीर एक-दोन हात कानस मारतो, तार चढवतो, छेडतो, पुन्हा उतरवतो. अर्धा दिवस असाच जातो. रियाजाने घोडीवर तारेचे खाचे पडतात, म्हणून हे काम पुन्हापुन्हा निघते. पूर्वी सांबरशिंगाच्या घोड्या असत, वन्यजीव कायद्यानंतर उंटाचे हाड, आबनूस, फायबर यांवर भागवावे लागते. जवारी ही मशीनवर होत नाही आणि शिकवणी जितकी वाढेल तितकी ही मजुरी वाढते. आमच्या मते तरुण कारागिरांनी नक्षीकामापेक्षा आधी जवारीत हात बसवावा.

तंबोऱ्याची गोष्ट थोडी अवघड आहे. गाणे शिकणारी मुले 1980 नंतर इलेक्ट्रॉनिक तंबोऱ्याकडे वळली, आता तर मोबाइलवर तंबोरा वाजतो. नवशिक्याने जोडी घेण्याचे दिवस गेले, हे मान्य केलेले बरे. तरी चार तारा स्वतः जुळविल्याशिवाय कान तयार होत नाही, असे मानणारे शिक्षक आजही आहेत. त्यांच्याशी कारागिरांनी संबंध ठेवावा. पुरुषाचा आवाज काळी एकच्या आसपास, बाईचा काळी चार-पाच, त्या हिशेबाने भोपळा आणि लांबी बदलते, हे विकताना सांगावे.

शिक्षकाला दलाली देऊन गिऱ्हाईक आणण्याची रीतही काही ठिकाणी आहे. दलाली किमतीत चढते, माल मात्र तोच. त्यापेक्षा वर्षाची एक जवारी फुकट, असे बिलावर लिहून द्यावे. गिऱ्हाईक त्या निमित्ताने परत येते आणि सोबत दुसरा विद्यार्थी आणते.

2020 च्या टाळेबंदीपासून शिकवणी दूरवरूनही चालू लागली आहे. परदेशातील विद्यार्थ्याला कारागीर भेटणे कठीण. त्याच्या पेटीत तारांचा जादा संच, पडदे बांधण्याचा दोरा आणि घोडी बसविण्याची खूण केलेला कागद घालावा. वाटेत घोडी सरकते आणि सर्व सूर बिघडतात. तारा सैल करूनच माल भरावा.

गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा एप्रिल-मे आणि नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये असतात. त्याआधी दुरुस्तीची गर्दी होते. नवी तार दोन-चार दिवस उतरत राहते, म्हणून विद्यार्थ्यांनी सतार परीक्षेच्या निदान पंधरा दिवस आधी कारखान्यात टाकावी, आणि कारागिरांनीही दिलेला वायदा पाळावा.