तेरचे मडके आणि औंढ्याची नळी

गेल्या वर्षी ऐन माघात आमच्या सासूबाईंना सोलापूरच्या एका रुग्णालयात आठ दिवस ठेवावे लागले. दुखणे फार मोठे नव्हते, पण वय झालेले. आम्ही धाराशिवकर, सोलापुरात एका नातेवाइकांकडे उतरलो होतो. पहाटे पाचला उठून मी आल्याचा चहा करी, लग्नात आलेल्या जुन्या थर्मासमध्ये भरी आणि रिक्षाने रुग्णालय गाठी. अर्ध्या तासाचा मामला. पण थर्मास उघडून कपात चहा ओतला की तो कोमट! एक दिवस झाले, दोन दिवस झाले. तिसऱ्या दिवशी सासूबाईंनी मला काहीच म्हटले नाही. शेजारच्या खाटेवरच्या बाईंना मात्र मला ऐकू जाईल अशा बेताने सांगितले, "आमच्या सूनबाई कॉलेजात शिकवतात. चहाला उकळी फुटेपर्यंत थांबायला त्यांना वेळ कुठला!"

वाचकहो, वीस वर्षांच्या संसारात मी पुष्कळ आरोप सोसले आहेत. पण कच्च्या चहाचा आरोप हा पहिलाच. धाराशिवला परतल्यावर तो थर्मास मी तडक कॉलेजात नेला आणि भौतिकशास्त्राच्या सरांच्या टेबलावर ठेवला. माझा विषय मराठी. शास्त्राशी माझा संबंध मॅट्रिकनंतर सुटला तो सुटलाच. पण गुन्हेगार शोधून काढणे भाग होते.

सरांनी थर्मासचे बूड फिरवून आतला काचेचा गाभा अलगद बाहेर काढला. कोठे तडा नाही, ओरखडा नाही, आतली चांदी आरशासारखी लखलखीत. मग त्यांनी गाभा उलटा केला आणि बुडाशी असलेले काचेचे चिमुकले टोक दाखवले. ते टोक मोडले होते, जेमतेम तांदळाच्या कणीएवढे.

"मॅडम, इथून हवा शिरली," सर म्हणाले. "तुमचा चहा उकळलेला होता. थर्मासची पोकळी गेली."

सासूबाईंच्या पुढे मांडायला एवढा पुरावा पुरेसा होता. पण सर एकदा बोलू लागले की थांबत नाहीत, आणि त्या दिवशी मलाही उठवेना. ही बाटली जेम्स ड्यूअर या स्कॉटिश शास्त्रज्ञाने १८९२ साली केली, ती चहासाठी नव्हे, तर अतिशीत द्रवरूप वायू साठवण्यासाठी. काचेच्या दोन भिंती, मधली हवा त्या टोकातून ओढून काढायची आणि टोक ज्योतीवर वितळवून बंद करायचे. भिंतींच्या मधल्या अंगाला चांदीचा मुलामा. उष्णता वाहून न्यायला मध्ये हवाच नाही, आणि जी उष्णता किरणांच्या रूपाने निघू पाहते तिला चांदी परत फिरवते.

मी विचारले, "पण ही चांदी इतक्या वर्षांत काळी कशी नाही पडली? माझी निरांजने तर दर दिवाळीला घासावी लागतात."

सर खूश झाले. म्हणाले, "चांदीला काळी करते ती हवेतली गंधकाची संयुगे. इथे हवाच नव्हती. आता टोक मोडले आहे, हळूहळू हीसुद्धा काळी पडेल बघा."

तोपर्यंत माझी समजूत अशी होती की निर्वात म्हणजे काहीच नसणे, आणि जिथे काहीच नाही तिथे काही घडतही नसणार. आम्हा मराठीवाल्यांना 'निवात' हा शब्द गीतेच्या सहाव्या अध्यायातून माहीत. वारा नाही अशा जागी न हलणारी दिव्याची ज्योत. शास्त्रज्ञांच्या निर्वातात ती ज्योत क्षणभरही टिकणार नाही हा विचार माझ्या मनाला कधी शिवला नव्हता. आणि हवा निघून गेली की प्रत्येक वस्तू आपले मूळचे वागणे सोडून भलतेच वागू लागते, हे तर अगदीच नवे.

सर म्हणाले, "जगात कुठलाही पृष्ठभाग उघडा नसतो. हे स्टीलचे भांडे घ्या. तुम्ही ज्याला हात लावता ते स्टील नव्हे. त्याच्यावर ऑक्साइडचा पापुद्रा आहे, त्यावर पाण्याचा थर, त्यावर तेलकटपणा. धातू आत्ता तुमच्यासमोर कापला, तरी सेकंदाच्या काही अब्जांश भागात हवेचे रेणू त्याला झाकून टाकतात." हे पांघरूण काढायचे, तर आधी हवा काढावी लागते. हवा काढणे मात्र त्यातल्या त्यात सोपे. पंप लावला की बहुतेक हवा निघते. खरे कष्ट पुढे. भिंतीला चिकटलेले पाणी सुटता सुटत नाही. थोडे थोडे सुटत राहते आणि तुमची पोकळी बिघडवत राहते.

मग त्यांनी मराठवाड्यातलीच गोष्ट काढली. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथ येथे लायगो-इंडिया ही वेधशाळा व्हायची आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये तिच्यासाठी सुमारे २६०० कोटी रुपये मंजूर केले आणि ११ मे २०२३ रोजी पायाभरणी झाली. पुण्याची आयुका तिच्यात आहे. आयुकातले संजीव धुरंधर यांनी गुरुत्वीय लहरी ओळखण्याचे गणित या लहरी सापडण्याच्या कितीतरी वर्षे आधीपासून बसवत आणले होते. लहरी प्रत्यक्ष टिपल्या गेल्या त्या १४ सप्टेंबर २०१५ रोजी, अमेरिकेतल्या हॅनफर्ड आणि लिव्हिंगस्टन येथील दोन वेधशाळांत. तशाच नमुन्याची वेधशाळा औंढ्याला.

तिची रचना काटकोनासारखी: चार-चार किलोमीटरच्या दोन नळ्या. नळीत लेझरचा किरण, टोकाला आरसा. दूर आकाशात दोन कृष्णविवरे एकमेकांवर आदळली, तर इथे चार किलोमीटरच्या अंतरात जो फरक पडतो तो प्रोटॉनच्या व्यासाच्या हजाराव्या हिश्श्याहूनही कमी! तो मोजायचा, तर किरणाच्या वाटेत हवेचे रेणू आडवे येऊन चालत नाहीत. म्हणून नळीत पोकळी हवी, वातावरणाच्या दाबाच्या एक लाख कोटी पट विरळ. एवढे करूनही प्रत्येक घनसेंटिमीटरमध्ये अडीच कोटींच्या आसपास रेणू उरतातच. 'काही नाही' म्हणावे तर ते असे!

अमेरिकेतल्या नळ्या कशा रिकाम्या केल्या, ते मी सरांकडून दोनदा विचारून घेतले. नळी सव्वा मीटर व्यासाची, जाडी फक्त तीन मिलिमीटर, पोलाद न गंजणारे. एका वेधशाळेच्या पोकळीत एक कोटी लिटर हवा मावते. ती काढायला सुमारे चाळीस दिवस पंप अखंड चालले. पण त्याच्याही आधीची गोष्ट ऐका. पोलाद वितळवताना त्याच्या अंगात हायड्रोजन मुरतो आणि पुढे वर्षानुवर्षे झिरपत राहतो. म्हणून नळी करण्याआधीच ते पोलाद ४५० अंशांच्या आसपास दीड दिवस तापवून घेतले. मग नळी जोडली, आणि संपूर्ण नळी, चार किलोमीटरची, दीडशे ते एकशे सत्तर अंशांवर महिनाभर भाजली. भट्टीत घालून नव्हे. नळीवर उबदार आच्छादन गुंडाळले आणि तिच्याच अंगातून विजेचा प्रवाह सोडला. भिंतीला चिकटलेले पाणी तेव्हा कुठे सुटले. न भाजता सोडली असती, तर तेच पाणी वर्षानुवर्षे निघत राहिले असते.

'भाजली' हा शब्द सरांच्या तोंडून आला आणि मला एकदम तेर आठवले.

सासूबाई तेरच्या. तेर म्हणजे धाराशिवपासून तीसेक किलोमीटरवर, तेरणेच्या काठी. जुन्या काळचे तगर, रोमशी व्यापार करणारे. आणि गोरोबाकाकांचे गाव. ती कथा मी दर वर्षी वर्गात सांगते. गोरोबांच्या घरी संतमंडळी जमली असता मुक्ताबाईने कोपऱ्यातले थापटणे पाहून विचारले, हे काय? काका म्हणाले, याने मडके कच्चे की पक्के ते कळते. मग आमची परीक्षा करा, असे ठरले. काकांनी एकेकाच्या डोक्यावर थापटणे मारले. सगळे गप्प राहिले, नामदेव तेवढा कुरकुरला. काका म्हणाले, हे मडके कच्चे. नामदेव रुसून पंढरीला गेला आणि पांडुरंगाच्या सांगण्यावरून गुरूच्या शोधात निघाला. विसोबा खेचर त्याला भेटले ते औंढा नागनाथाच्या देवळात.

तेरहून औंढ्याला! मी हे सरांना सांगितले, तेव्हा तेही चकित झाले. मग म्हणाले, "कुंभार काय वेगळे करतो? मातीत दोन प्रकारचे पाणी असते. एक नुसते मिसळलेले. ते सावलीत वाळवून आणि मंद आचेवर जाते. दुसरे मातीच्या कणांत बांधलेले. ते पाचशे-सहाशे अंशांशिवाय सुटत नाही. ते गेले की मडके पक्के, पुन्हा माती होत नाही. नळीचेही दोन हिशेब आहेत, वरचे पाणी आणि आतला हायड्रोजन." पहिले पाणी घाईने काढले तर मडके आव्यात फुटते, एवढी भर मी घातली. ती माहिती सासूबाईंकडची.

तेरला पाण्यावर तरंगणाऱ्या प्राचीन विटा सापडल्या आहेत, त्यांचीही मी आठवण काढली. सरांनी कानाला हात लावला. इतकी सच्छिद्र वीट पोकळीच्या खोलीत नेली, तर पोटातली हवा आणि ओल सोडता सोडता पंपांचा जीव घेईल. रबर नको, साधे प्लास्टिक नको, रंग नको, लाकूड तर नकोच. उघड्या बोटाचा ठसासुद्धा चालत नाही. बोटाचे तेल आणि घाम दिवसच्या दिवस वाफाळत राहतात. म्हणून हातमोजे, टोप्या, धुऊन भाजून घेतलेली हत्यारे. मला आमचे आंब्याचे लोणचे आठवले. बरणी धुऊन उन्हात तापवायची, पुसायची, आणि मग ओल्या हाताने जवळ कोणी यायचे नाही! सासूबाईंच्या त्या सोवळ्याला मी इतकी वर्षे मनातल्या मनात हसत आले होते.

पांघरूण काढले की काय होते याची सरांनी सांगितलेली एक हकिकत मात्र भीतिदायक आहे. एकाच धातूचे दोन अगदी स्वच्छ तुकडे पोकळीत एकमेकांवर दाबले, तर ते आच न लावता जोडले जातात. आपण कुठला आणि शेजारचा कुठला, हे कणांना कळण्याचे कारणच उरत नाही. मधला पापुद्रा गेलेला असतो. बरे, नेहमीचे वंगण घालावे, तर ते उडून जाते आणि जवळच्या आरशांवर जाऊन बसते. ग्राफाइट वापरावे, म्हणजे आपल्या पेन्सिलीतले शिसे, जे सुतार अडलेल्या कुलपात घालतो, तर त्याचा गुळगुळीतपणा हवेतल्या ओलाव्यावर उसना घेतलेला! दुसऱ्या महायुद्धात विमाने फार उंच जाऊ लागली, तेव्हा विरळ कोरड्या हवेत त्यांच्या जनित्रांतले कार्बनचे ब्रश भराभर झिजून त्यांची भुकटी होऊ लागली. मॉलिब्डेनम डायसल्फाइड नावाचे एक कोरडे वंगण मात्र पोकळीतच चांगले चालते.

तेच वंगण गॅलिलिओ या यानाच्या छत्रीला लावले होते. गुरू ग्रहाकडे निघालेले हे यान १९८९ च्या ऑक्टोबरात सुटले. त्याचा मोठा अँटेना छत्रीसारखा मिटलेला, अठरा काड्यांचा. एप्रिल १९९१ मध्ये तो उघडायचा हुकूम पृथ्वीवरून गेला आणि छत्री अर्धवट उघडून अडकली. मागाहून तर्क निघाला तो असा: १९८६ च्या चॅलेंजर अपघातामुळे उड्डाण लांबले, यान ट्रकवर घालून कॅलिफोर्निया आणि फ्लोरिडा यांच्यामध्ये नेआण झाली, आणि रस्त्यावरच्या हादऱ्यांनी काही काड्यांच्या खुंट्यांवरचे वंगण घासून गेले. पोकळीत धातूला धातू भिडला आणि धरून बसला. ऊन दाखवून झाले, सावली दाखवून झाली, मोटर ठोकून झाली. काड्या हलल्या नाहीत. शेवटी लहान अँटेनावर, अगदी धिम्या गतीने, सगळी माहिती मागवावी लागली. तरी ते यान २००३ पर्यंत राबले. आमच्या रस्त्यांवरून एसटीने फिरणाऱ्या माणसाला हादऱ्यांचे हे सामर्थ्य निराळे समजावून सांगायला नको.

घरी येऊन मी मोडके टोक सासूबाईंना दाखवले. त्यांनी चष्मा लावून ते बराच वेळ पाहिले. "एवढुशानं?" म्हणाल्या. मग बाजारात स्वतः आल्या. दुकानदाराने नवा थर्मास पुढे ठेवताच त्यांनी तो कानाशी नेला आणि मडक्यावर मारतात तशी त्याच्यावर टिचकी मारली. दुकानदार हसला. मी हसले नाही.

चैत्रात त्यांना बरे वाटू लागल्यावर आम्ही औंढ्याला दर्शनाला गेलो. देऊळ बघून झाले, मागच्या बाजूचा नंदी बघून झाला. परतताना गाडी थांबवून मी त्यांना उन्हात पसरलेले माळरान दाखवले आणि याच तालुक्यात ती नळी व्हायची आहे, असे सांगितले.

"चार किलोमीटर भाजायची," त्या म्हणाल्या. "मग आवा केवढा लागंल?"

आवा नसतो, नळी आपल्याच अंगातल्या विजेने तापते, हे मी जमेल तसे सांगितले. त्यांनी ऐकून घेतले.

"आणि कच्ची राहिली तर?"

"तर पुन्हा भाजायची, आई."

"हां. नामदेवालाबी इथंच यावं लागलं की," असे म्हणून त्यांनी कप पुढे केला. सकाळी सहाला भरलेला चहा होता, दुपारचा एक वाजला होता. मी ओतला आणि फुंकर घाला म्हणायच्या आत त्यांनी घोट घेतला. जीभ पोळली. संध्याकाळपर्यंत त्या माझ्याशी बोलल्या नाहीत.