डिझी, ग्लॅडस्टन आणि चिखलफेक

ऑफिसात दोन सीनियर्सचं एकमेकांशी वाजलं की सगळ्यात जास्त एन्जॉय कोण करतं? अर्थात कँटीनमधलं आपलं टेबल! व्हिक्टोरियन लंडनमध्ये हे टेबल म्हणजे 'पंच' हे साप्ताहिक. आणि सीनियर्स? बेंजामिन डिझरायली आणि विल्यम ग्लॅडस्टन.

जोडीही कशी, तर कास्टिंग डायरेक्टरने शोधून आणल्यासारखी. एक कादंबऱ्या लिहिणारा, तरुणपणी भडक वेस्टकोट मिरवणारा, राणीला गोड बोलून खिशात घालणारा कॉन्झर्व्हेटिव्ह. दुसरा कमालीचा धार्मिक, होमरवर पुस्तकं लिहिणारा आणि फावल्या वेळात कुऱ्हाडीने झाडं तोडणारा लिबरल. (त्या काळचा स्ट्रेस-बस्टर म्हणा.) १८६८ ते १८८० पंतप्रधानाची खुर्ची या दोघांतच फिरत राहिली.

'पंच'चा स्टार होता जॉन टेनिएल. हो, 'अ‍ॅलिस'ची चित्रं काढणारा तोच. १८७०च्या त्याच्या एका कार्टूनमध्ये दोघं एकमेकांची पुस्तकं वाचतायत. एकाचा शेरा उथळ, दुसऱ्याचा कंटाळवाणं! १८७८ मध्ये तर दोघं शाळेतली मोठी पोरं होऊन एकमेकांवर चिखल फेकतायत आणि हेडमास्तर झालेला पंच त्यांना झापतोय. पुढे हॅरी फर्निसने ग्लॅडस्टनला अशी अवाढव्य कॉलर चढवली की लोकांना तीच खरी वाटू लागली. प्रत्यक्षात तो तेवढी मोठी कॉलर घालतच नव्हता.

इथवर मी मस्त हसत होते. मग १८७६चं कार्टून समोर आलं.

त्या वर्षी डिझरायलीने कायदा करून व्हिक्टोरियाला 'भारताची सम्राज्ञी' केलं. टेनिएलने त्याला अल्लाउद्दीनच्या गोष्टीतला फेरीवाला केलाय. जुना मुकुट द्या, नवा घ्या! आयडिया झकास आहे. पण डिझरायली जन्माने ज्यू, बाराव्या वर्षी ख्रिश्चन झालेला. त्याचं नाक, त्याचा तो 'पूर्वेकडचा' वेश बघताना वाटतं, टपली धोरणाला मारलीय की जातकुळीला? मला विचाराल तर दोन्हीला, आणि दुसरी मला खटकतेच. ग्लॅडस्टनची कॉलर मोठी काढणं वेगळं. कॉलर त्याला बदलता आली असती.

शिवाय मुकुट आपल्या देशाचा, पण चित्रात आपल्यातलं कुणीच नाही. १ जानेवारी १८७७ला दिल्लीत थाटामाटात दरबार भरला, तेव्हा सोलापूरसकट दख्खनमध्ये दुष्काळ होता.

हा 'पंच' मुंबईतही पोचला होता बरं का. १८५४ मध्येच इथे 'पारसी पंच' सुरू झाला, १८८८ मध्ये तो 'हिंदी पंच' झाला. ज्या हत्याराने साहेब एकमेकांना टोचायचे, तेच आता इथल्या माणसांच्या हातात. मला हे फार आवडतं.

आणि आपले दोन सीनियर्स? डिझरायली १८८१ मध्ये गेला. ग्लॅडस्टनने सरकारी इतमामाने अंत्यसंस्कारांची तयारी दाखवली होती, पण डिझरायलीला ह्यूएंडनला बायकोशेजारीच विसावायचं होतं. मग ग्लॅडस्टनला पार्लमेंटमध्ये उभं राहून त्याच्यावर चार चांगले शब्द बोलावे लागले. १८९३ मध्ये टेनिएल 'सर' झाला. त्या वेळी पंतप्रधान कोण होतं माहितेय? ग्लॅडस्टन.