महाविद्यालयीन संकेतस्थळ : मजकूर-सुधारणेचा प्राधान्यक्रम

प्रस्तावना :
प्रवेशेच्छू विद्यार्थ्याच्या दृष्टीने महाविद्यालयाचे संकेतस्थळ हेच आज महाविद्यालयाचे पहिले कार्यालय ठरते. नॅक मूल्यांकन जवळ आले की संकेतस्थळावरील सुधारणांची यादी लांबत जाते. काम मात्र अध्यापन सांभाळणाऱ्या एखाद्या प्राध्यापकाकडे येते. अशा वेळी मुखपृष्ठावरील छायाचित्रे बदलली जातात आणि मागील वर्षाचे शुल्कपत्रक तसेच राहते. म्हणून 'काय सुधारावे' यापेक्षा 'आधी काय सुधारावे' हा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे.

प्राधान्याचे निकष :
प्रत्येक त्रुटीबाबत पुढील तीन प्रश्न विचारावेत.
१) त्रुटी तशीच राहिल्यास वाचकाचे कोणते नुकसान होईल?
२) ते किती वाचकांचे होईल?
३) दुरुस्तीस किती वेळ व श्रम लागतील?

शिष्यवृत्ती अर्जाची जुनी मुदत हे याचे ठळक उदाहरण होय. त्यामुळे अनेकांचे आर्थिक नुकसान संभवते, तर दुरुस्ती काही मिनिटांची असते. ती त्याच दिवशी व्हावी. समारंभाची छायाचित्रे मात्र थांबू शकतात.

केवळ वाचकसंख्येवर विसंबणे मात्र फसवे ठरते. रॅगिंगविरोधी समितीचे पृष्ठ वर्षभरात मोजकेच विद्यार्थी उघडतात. परंतु जो उघडतो तो संकटात असतो. तेथे निवृत्त प्राध्यापकाचा दूरध्वनी क्रमांक असेल तर ती त्रुटी यादीत सर्वांत वर असली पाहिजे. म्हणून तीन निकषांत पहिला निर्णायक मानावा.

मराठी मजकुराचा प्रश्न :
जुनी परिपत्रके अनेकदा युनिकोडपूर्व फाँटमध्ये टंकलिखित असतात. पडद्यावर देवनागरी दिसते, पण संगणकाकडे साठवलेली चिन्हे वेगळी असतात. परिणामी मराठी शब्द देऊन शोध घेतल्यास ती सापडत नाहीत आणि अंध विद्यार्थ्याच्या पडदावाचकालाही ती नीट वाचता येत नाहीत. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ पाहता हा प्रश्न सोयीपुरता राहत नाही. तथापि सर्व दप्तर एकदम रूपांतरित करणे कष्टाचे असल्याने प्रथम चालू वर्षातील नियम व सूचना घ्याव्यात. जुने अहवाल नंतर घ्यावेत.

कायदेशीर बाजू :
माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ मधील कलम ४(१)(ख) नुसार सार्वजनिक प्राधिकरणांनी १७ बाबींची माहिती स्वतःहून प्रसिद्ध करून दरवर्षी अद्ययावत करावयाची असते. शासनाचे भरीव अर्थसाहाय्य असलेल्या महाविद्यालयांनी ही बाब वेळापत्रकातच बसवावी.

समारोप :
प्रवेशकाळात आठ दिवस कार्यालयाच्या खिडकीवर विचारले जाणारे प्रश्न वहीत नोंदवले, तर संकेतस्थळावर काय सापडत नाही हे विनाखर्च कळते. त्या नोंदी व वरील निकष यांच्या आधारे प्रत्येक पृष्ठाला एक जबाबदार व्यक्ती आणि पुढील तपासणीची तारीख नेमून द्यावी. ज्या त्रुटीची किंमत विद्यार्थ्याला मोजावी लागते, ती प्रथम दूर करणे हेच योग्य प्राधान्य होय.