कापडासारखी दिसणारी पिशवी

अंबाजोगाई तालुक्यातल्या घाटनांदूरसारख्या गावात बाजाराला जाताना कापडी पिशवी न्यायची रीत जुनीच. पातळ कॅरीबॅग फुकट मिळू लागली आणि ही रीत मोडली. महाराष्ट्रात २३ मार्च २०१८ च्या अधिसूचनेने प्लॅस्टिक पिशव्या, थर्माकोलची ताटं-वाट्या यांवर बंदी आली. पहिल्यांदा सापडल्यास दंड पाच हजार रुपये. केंद्राची एकल-वापर वस्तूंवरची बंदी १ जुलै २०२२ पासून, आणि त्या वर्षअखेरीपासून १२० मायक्रॉनहून पातळ प्लॅस्टिक पिशवीही नाही.

बंदीनंतर दुकानांत रंगीत, कापडासारख्या पिशव्या आल्या. बहुतेकांना त्या कापडीच वाटतात. प्रत्यक्षात त्या पॉलिप्रॉपिलिनच्या, म्हणजे प्लॅस्टिकच्याच तंतूंच्या. खरी कापडी पिशवी ओळखायची असेल तर विणीचे उभे-आडवे धागे शोधा. दाबून चिकटवलेल्या पिशवीत ते सापडत नाहीत. चहाच्या कागदी कपालाही आतून बहुधा प्लॅस्टिकचा पातळ थर असतो, म्हणून तर तो गळत नाही.

प्लॅस्टिक पिशव्यांचा मोठा फटका गुरांना. खरकट्यासह बांधून फेकलेली पिशवी गाय तशीच गिळते. ती पचत नाही, पोटाच्या पहिल्या कप्प्यात साचत जाते, रवंथ मंदावते. कधी शस्त्रक्रियाच करावी लागते. म्हणून भाजीचे देठ, साली पिशवीत न बांधता उघड्यावर घमेल्यात ठेवाव्यात.

लग्नाच्या पंगतीला पळसाच्या पत्रावळी सांगितल्या तर थर्माकोल आपोआप वगळला जातो. मात्र पत्रावळी प्लॅस्टिकच्या थराची नाही ना, हे आधी बघून घ्या.