बनी तो बनी, नहीं तो चार इस्पिक!

'बनी तो बनी, नहीं तो परभणी' ही म्हण परभणीकरांना समजावून सांगायला नको. ब्रिज या पत्त्यांच्या खेळात ही 'जमलं तर जमलं' वृत्ती चक्क नियमात बसते.

पत्त्यांच्या जोडात एकूण गुण 40 (एक्का 4, राजा 3, राणी 2, गुलाम 1). बोली (किती हात करू, ते सांगणं) उघडायला साधारण 12 लागतात. हातात जेमतेम 3 गुण असताना 'एक इस्पिक' ठणकावलं, तर ती 'सायकिक' बोली. हे नाव रूढ केलं अमेरिकेच्या डोरोथी राइस सिम्स यांनी. बाई मोटरसायकल हाकायच्या, विमान उडवायच्या, शिल्पं घडवायच्या. या थापांवर 1932 साली त्यांनी पुस्तकच काढलं.

अट एकच: आपली थाप जोडीदारालाही आधी ठाऊक नसावी. ठरवून मारली की ती लबाडी. जोडीदाराला गंडवणं हाच प्रामाणिकपणाचा पुरावा, असा खेळ विरळाच!

एक जुनी खोडी बघा. जोडीदार म्हणाला 'एक बदाम', पुढच्या प्रतिस्पर्ध्यानं 'डबल' दिला. तुमच्याकडे बदाम भरपूर, गुण मात्र नावाला. तुम्ही हातात नसलेलं इस्पिक बोलता. ज्यांच्याकडे खरंच इस्पिक आहे ते बिचकतात आणि तुम्ही हळूच बदामावर परतता. मुरलेले खेळाडू हे लगेच ओळखतात, पण क्लबात अजून चालून जातं.

बोली अंगाशी येण्याचा कळस 1929 साली अमेरिकेतल्या कॅन्सस सिटीत झाला. बेनेट नवरा-बायको जोडीनं खेळत होते. बोली चार इस्पिकांची, म्हणजे दहा हात करायचे. नवऱ्याला ते जमले नाहीत. भांडण पेटलं, त्यानं थोबाडीत मारली, तिनं पिस्तूल आणून त्याला गोळी घातली. पुढे ज्यूरीनं तिला निर्दोष सोडलं!

पोलंडमधल्या डोकेबाजांनी तर उलटा कारभार मांडला: पानं चांगली आली की 'पास', भिकार आली की बोली. ब्रिजच्या जागतिक संघटनेनं असल्या पद्धतींना बहुतेक स्पर्धांत बंदी घातली. बरंच केलं, नाहीतर समोरच्यानं खेळायचं की कोडी सोडवायची?

आपल्याकडे म्हणाल, तर 2018 च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत ब्रिज पहिल्यांदा आलं आणि कोलकात्याच्या प्रणव बर्धन व शिबनाथ सरकार यांनी सुवर्णपदक मारलं. बर्धन तेव्हा साठीचे. मिश्र सांघिक गटात कांस्यपदक मिळवणाऱ्या भारतीय चमूत मुंबईच्या हेमा देवरा होत्या.

ब्रिजमध्ये बोलींच्या लिलावात बोलायला शब्द किती? पास, डबल, रिडबल धरून फक्त 38. पण एवढ्यात पाने वाटण्याच्या प्रकारांपेक्षा बोलींचे क्रम जास्त निघतात: वाटप 29 अंकी, बोली 48 अंकी. नियमात राहून एकच लिलाव 319 वेळा तोंड उघडेपर्यंत ताणता येतो. तेवढा वेळ चहा कोण देणार, ते आधी ठरवावं.