मांजर आणि दूध : एक रूढ समज

मांजर डोळे मिटून दूध पिते, ही म्हण आपल्या इतकी अंगवळणी पडली आहे की दूध हेच मांजराचे अन्न, असे आपण गृहीत धरतो. वस्तुस्थिती निराळी आहे. दुधातील लॅक्टोज ही शर्करा पचविण्यासाठी लॅक्टेज नावाचे विकर लागते. आईचे दूध सुटल्यावर, म्हणजे साधारण आठव्या आठवड्यानंतर, बहुतेक मांजरांच्या आतड्यात ते कमी होत जाते. न पचलेली शर्करा आतड्यात पाणी ओढून घेते, तेथील जिवाणू ती आंबवितात आणि जुलाब होतात. काही मांजरांना चमचाभर दूध बाधत नाही, हेही खरे. परंतु त्याची त्यांना गरज नसते. स्वच्छ पाणी पुरेसे.

खरा धोका आईवेगळ्या पिल्लांना. जिन्याखाली सापडलेल्या पिल्लाला आपण कळवळ्याने गाईचे दूध पाजतो. मांजरीच्या दुधातील प्रथिने त्याच्या सुमारे दुप्पट असतात. म्हणजे पोट भरूनही पोषण होत नाही. आणि जुलाब लागले तर एवढ्याशा देहातील पाणी पाहता पाहता आटते. अशा पिल्लास प्रथम ऊब द्यावी, कारण गारठलेल्या पिल्लास दूध पचत नाही. नंतर मांजराच्या पिल्लांसाठी मिळणारी खास दूध भुकटी पशुवैद्यकांच्या सल्ल्याने कालवून, पिल्लू पालथे ठेवून, थेंबाथेंबाने पाजावी. उताणे धरल्यास दूध श्वासनलिकेत जाण्याची भीती असते. साधारण चार आठवड्यांचे झाल्यावर त्यास मऊ अन्न चाटविण्यास हरकत नाही.