लाकूड बदला, खुणा जपा

पाहुणे आले की आपण त्यांना निझव्याला नेतोच. किल्ला, शुक्रवारचा गुरांचा बाजार, हलवा, खजूर झाले की पावले जुन्या बंदुकांच्या दुकानाकडे वळतात. तिथे बऱ्याचदा दिसते ती मार्टिनी-हेन्री. ओमानी लोक तिला ‘समआ’ म्हणतात.

1871 साली ही बंदूक ब्रिटिश सैन्यात आली. त्याच दशकात घोडदळ आणि तोफखान्यासाठी तिची आखूड जात, म्हणजे कार्बाइन, निघाली. पुढे मस्कत शस्त्रव्यापाराचे मोठे केंद्र झाले. इथला माल इराणच्या किनाऱ्यावरून अफगाणिस्तान आणि वायव्य सरहद्दीपर्यंत जाई आणि तिथे तो हिंदुस्थानी फौजेवरच रोखला जाई. इंग्रजांच्या दबावामुळे सुलतान फैसल बिन तुर्की यांनी 1912 साली सगळी शस्त्रे सरकारी गोदामात ठेवण्याचा हुकूम काढला आणि तो धंदा बसला. देशात राहिलेल्या बंदुका बापाकडून मुलाकडे गेल्या. सणासमारंभात, रझहाच्या नाचात त्या आजही मिरवतात.

इतक्या वर्षांत लोखंड टिकते, लाकूड हरते. कोरड्या हवेत ते आकसते, चिरते. जुने तेल मुरून सांध्यापाशी मऊ पडते. मार्टिनीचे लाकूड मात्र एकसंध नसते. मागचा दस्ता वेगळा, नळीखालचा भाग वेगळा, मधे लोखंडी पेटी. दस्ता आतून एका लांब बोल्टने पेटीला आवळलेला असतो. त्यामुळे तडकलेला तेवढाच भाग बदलता येतो.

ही सोय आहे, तसा धोकाही आहे. तयार दस्ता बसवून, घासूनपुसून चकचकीत केले की बंदूक नवी दिसते. पण जुने शिक्के, मालकाने हौसेने मढवलेली चांदी, तळहाताने झिजलेली जागा, सगळे जाते. जाणकार कारागीर आधी चीर सांधून पाहतो. नाइलाज झाला तरच अक्रोडाचा नवा तुकडा घेतो, तोही थोडा मोठा. लोखंडाला काजळी लावून तो लाकडावर टेकवतो आणि काळा डाग उठेल तेवढेच पटाशीने काढतो. असे पुन्हा पुन्हा, सांधा घट्ट बसेपर्यंत. शेवटी जवसाच्या तेलाचे पातळ हात देतो. जुन्या लाकडाला पॉलिशपेपर लावत नाही आणि काढलेला तुकडा टाकून देत नाही.

विकत घ्यायचा मोह झाला, तर एवढे लक्षात ठेवा: जुने असले तरी ते शस्त्रच. इथले आणि भारतातले परवान्याचे नियम आधी विचारा. तशीच बॅगेत घालून विमानतळावर जाऊ नका. आणि अशी बंदूक उडवून बघण्याच्या फंदात तर मुळीच पडू नका. नुसती पाहायची असेल तर रुवीच्या बैत अल् फलज किल्ल्यातले लष्करी संग्रहालय आहेच.

खंडेनवमीला आपणही घरातली जुनी तलवार, कट्यार बाहेर काढतो. झिजलेली मूठ कोणी नवी करून पुजत नाही. पुसतो, तेलाचे बोट फिरवतो आणि हळदकुंकू वाहतो. ओमानी घरातल्या त्या बंदुकीलाही तेवढाच मान हवा.